वर्गणीची वही माझ्याकडेच राहू दे

(बेळगाव, टिळकवाडी. दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या आमच्या सोळा घरांच्या सोसायटीचा ग्रुप. रविवार.)

१०१ अण्णा (सेक्रेटरी), स. ७:४०
नमस्कार मंडळी. गणपती अठरा दिवसांवर आले. ३०४ च्या सुनीता वहिनींची केमो चालू आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहेच. त्यांना पूर्ण आराम मिळावा म्हणून यंदा वर्गणी आणि हिशोबाचं काम २०१ च्या संदीपकडे देत आहोत. वहिनी, कसलीही काळजी करू नका. फक्त पॉझिटिव्ह राहा.

३०२ मनोज, स. ७:५२
होय वहिनी. अर्धा आजार मनाचाच असतो. हिंमत सोडायची नाही.

१०३ शोभाताई, स. ८:०५
पॉझिटिव्ह राहा, सगळं छान होणार. कपिलेश्वराला अभिषेक सांगितलाय तुमच्या नावानं.

४०२ प्रकाशकाका, स. ८:११
फॉरवर्ड: सदाफुलीची सात पानं रोज सकाळी अनशापोटी चावून खा. कॅन्सर मुळासकट जातो. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

३०४ सुनीता, स. ९:२०
अण्णा, सगळ्यांनी मायेनं लिहिलंय, मला कळतंय. तरी आज थोडं सविस्तर लिहिते, राग मानू नका.

आधी वहीचं. अकरा वर्षं वर्गणीचा हिशोब मी ठेवते. माझी केमो दर एकवीस दिवसांनी असते. पहिले चार-पाच दिवस मी खरंच कामाची नसते. मळमळ, तोंडात लोखंडाची चव, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचं तर मध्ये दोनदा थांबायचं. औषध लाल रंगाचं असतं, त्यामुळं घरी आल्यावर लघवीसुद्धा लालसर होते. पहिल्या वेळी मी रक्त समजून हादरले होते. पण सहाव्या-सातव्या दिवसापासून अंगात हळूहळू त्राण येतं आणि तिसऱ्या आठवड्यात मी स्वतः भाकऱ्या थापते. तिसरी केमो होऊन आज नववा दिवस. आज मी बसून आकडे मांडू शकते. काम काढून घेतलंत तर मी दिवसभर काय करू? भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढची तारीख बघत बसू?

मे महिन्यात ऑपरेशन झाल्यापासून पोळ्या दुसरं कुणी करतं, बाजार दुसरं कुणी आणतं, माझ्याशी बोलतानासुद्धा लोक आवाज खाली आणतात. वही तेवढी माझी उरली होती.

आता पॉझिटिव्हचं. हे लिहायला जड जातंय. तीन महिन्यांत हा शब्द इतक्यांदा ऐकलाय, की रात्री रडू आलं तरी भीती वाटते, आपण रडलो म्हणून गाठ परत तर येणार नाही? उशीत तोंड खुपसून रडते, ह्यांना कळू नये म्हणून. गेल्या खेपेला धीर करून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रडायचं तेव्हा रडा, त्यानं केमोचा गुण कमी होत नाही. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला नीट झोप लागली.

३०२ मनोज, स. ९:३४
वहिनी, दुखवायचं नव्हतं. पण मनाची ताकद असतेच की. युवराज सिंगचं बघा ना. २०१२ मध्ये अमेरिकेत केमो घेतली आणि त्याच वर्षी परत भारताकडून खेळला.

४०१ अश्विनी (फिजिओ), स. ९:५८
मनोजदादा, युवराजची जिद्द खरीच. पण त्याचा कॅन्सर केमोला चांगली दाद देणाऱ्या प्रकारातला होता, हेही धरायला हवं. दुसऱ्या बाजूला आपल्या शेजारचे पर्रीकर आठवा. जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असताना त्यांनी गोव्याचं बजेट मांडलं आणि मार्चमध्ये गेले. त्यांची जिद्द कमी पडली असं म्हणायची कुणाची छाती होईल? स्वादुपिंडाचा कॅन्सरच तसा असतो.

यावर अभ्यासही झालाय. डोकं-मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ पेशंटांवरचा, २००७ साली प्रसिद्ध झालेला. मन किती प्रसन्न आहे यावर आयुष्य किती हे ठरत नाही, असंच त्यात दिसलं. मी हे मुद्दाम सांगते, कारण "तू खचलीस म्हणून वाढलं" असं ऐकवलेल्या बाया माझ्याकडे येतात. आधी आजार आणि वर हा दोष.

मन बरं राहावं ते आजचा दिवस बरा जावा म्हणून. तेवढं कारण पुरेसं आहे.

हालचालीचं मात्र वेगळं. तिथं पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेनं, म्हणजे अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीनं, २०२२ मध्ये लेखी सांगितलं की बरं करायच्या हेतूनं उपचार चालू असतानाच पेशंटला चालणं आणि ताकदीचे व्यायाम सुचवावेत. थकवा कमी होतो, घालमेल कमी होते. केमोच्या थकव्याला निव्वळ झोपून राहणं हा इलाज नाही. झोपून स्नायू जातात आणि थकवा आणखी वाढतो. २०२५ मध्ये आतड्याच्या कॅन्सरवरचा मोठा अभ्यास आला, ८८९ जणांचा. केमो संपल्यावर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी ८० टक्के लोक पाच वर्षांनंतर आजार न उलटता होते. नुसती माहितीपुस्तिका दिलेल्यांत ते प्रमाण ७४ टक्के होतं. हा वहिनींचा कॅन्सर नव्हे आणि ती केमोनंतरची गोष्ट आहे, म्हणून आकडा इकडे जसाच्या तसा लावू नका. पण चालणं ही नुसती करमणूक नाही, एवढं नक्की.

२०३ विनायक (मेडिकल), स. १०:१५
प्रकाशकाका, तुम्ही काळजीनं टाकलंत, पण तो सदाफुलीचा मेसेज कृपया काढा. सदाफुलीपासून कॅन्सरची औषधं होतात हे खरं आहे. व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन, दोन्ही त्याच झाडातली. पण ती शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, फक्त शिरेतून देतात. जरा जास्त झालं की नसांवर जातं, पांढऱ्या पेशी घसरतात. पान चावलं तर पोटात किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. वहिनींच्या पेशी आत्ता तशाच खाली असणार. हळदीच्या गोळ्या, काढे, जे काही असेल ते आधी त्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं.

४०२ प्रकाशकाका, स. १०:२१
काढला. मला हे माहीत नव्हतं. वहिनी, माफ करा.

३०४ सुनीता, स. १०:२४
काका, माफी कसली. तुम्ही दर केमोच्या दिवशी पहाटे खाली येऊन रिक्षा बघून देता, ते मी विसरेन का?

२०२ माई, स. १०:५०
(नात टाइप करून देते आहे)
मी बोलूलालोय ते जरा ऐका. आमच्या ह्यांना घशाचा झाला तेव्हा इथं बेळगावात काय सोय नव्हती बगा. रात्रीच्या गाडीनं मुंबई, परळचं टाटा. आता राष्ट्रपती येऊन केएलईच्या कॅन्सर हॉस्पिटलचं उद्घाटन करून गेल्या, तेव्हा मला ते दिवस आठवले. आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरलो हुतो. सगळे कॅन्सरवालेच. कुणाचं तोंड रेडिएशनच्या शेकानं भाजलेलं, कुणाच्या नाकात नळी.

ह्यांचं शहापुरात घड्याळ दुरुस्तीचं दुकान हुतं. आठ दिवस गप्प बसून राहिले. मग एका पोराचं बंद पडलेलं घड्याळ मागून घेतलं आणि उघडून बसले. दुसऱ्या दिवशी चार जण आले घड्याळं घेऊन. शेक घेऊन आले की ह्यांचं दुकान चालू, खिडकीपाशी, उजेडाला. पैसे घेत नव्हते. पॉझिटिव्ह बिझिटिव्ह काय ते आम्हाला म्हाईत नव्हतं.

ते पुढच्या वर्षी गेले. पण त्या दोन महिन्यांत धर्मशाळेत त्यांना कुणी पेशंट म्हणून हाक मारली नाही. घड्याळवाले काका म्हणायची सगळी.

अण्णा, त्या पोरीची वही तिला दे.

१०१ अण्णा, स. ११:०२
माई, चुकलंच माझं. न विचारता ठरवायला नको होतं. वहिनी, वही तुमचीच.

२०१ संदीप, स. ११:०६
मला तर सुटल्यासारखं झालं, खरं सांगतो. वहिनी, असं करूया का? दारोदार मी फिरतो. रोख नोटा मी मोजून बँकेत भरतो, म्हणजे त्या तुमच्या हाताशी यायला नकोत. ऑनलाइन येतील ते आकडे आणि पावत्या तुमच्याकडे. खर्चाला मंजुरी तुमचीच. मंडपवाल्याशी घासाघीस दर वर्षीप्रमाणे तुम्ही फोनवर करा, ते आम्हाला जमत नाही.

३०४ सुनीता, स. ११:१०
चालेल. गेल्या वर्षीचे लायटिंगचे ₹३०० त्याच्याकडून अजून यायचे आहेत, ते आधी मागते.

१०४ बाळासाहेब, स. ११:३१
मी निपाणीचा, तंबाखूच्या मुलखातला. आमच्या थोरल्या भावाला गालाचा कॅन्सर झाला. चार गोष्टी इथं लिहून ठेवतो, कुणाला तरी लागतील. ऑपरेशन आणि शेक झाल्यावर जबडा आखडतो, तोंड उघडेनासं होतं. त्याचा व्यायाम सुरुवातीपासून करायचा असतो, पण पहिल्या दवाखान्यात आम्हाला कुणी बोललंच नाही. दोन बोटं जेमतेम जात होती. मग दुसरीकडे एका फिजिओ बाईंनी शिकवलं. आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्या एकावर एक ठेवायच्या, दातांमध्ये धरून ताण द्यायचा, थोड्या दिवसांनी एक पट्टी वाढवायची. भाऊ पट्ट्यांचा हिशोब दारामागं खडूनं लिहायचा. अकरापासून एकोणीसवर आला. आज ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खातो. शरद पवारांचं उदाहरण तो नेहमी देतो, २००४ ला तोंडाच्या कॅन्सरचे उपचार घेत घेत माणूस राजकारणात टिकून राहिला म्हणून. माझं म्हणणं त्याच्यापुढं एवढंच असतं की बाबा, त्यांच्यासारखा तूही आता लोकांना तंबाखू सोडायला सांग. सांगतो. आमच्या गल्लीतल्या तिघांनी सोडली.

४०१ अश्विनी, स. ११:४५
बाळासाहेब, हे फार मोलाचं लिहिलंत. वहिनींचंही तसंच आहे. काखेतल्या गाठी काढल्यावर तो हात जपून जपून लोक इतका बांधून ठेवतात की खांदा धरतो. भिंतीकडे तोंड करून बोटं मुंगीसारखी वर चढवायची. वहिनी रोज करतात, पेन्सिलीची खूण आता दाराच्या चौकटीच्या वर गेलीय. त्या हाताला इंजेक्शन किंवा बीपीचा पट्टा शक्यतो नको, एवढं लक्षात ठेवा.

आता चालण्याचं. पाऊस आहे, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जाणं सध्या नको, चिखल असतो आणि ह्या दिवसांत घसरून पडणं परवडायचं नाही. पार्किंगमध्येच सुरू करूया. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा. चालता चालता बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. वाईट दिवशी पाच मिनिटंसुद्धा चालतील, पाच दिवस चुकले तरी चालतील. ताप, छातीत दुखणं, गरगरणं, नेहमीपेक्षा जास्त धाप, यातलं काही असेल तर त्या दिवशी चालणं बंद आणि डॉक्टरांना फोन. आणि सोबत येणाऱ्यानं वाटेत तब्येत विचारायची नाही. दुसरं काहीही बोला.

१०३ शोभाताई, दु. १२:०४
सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी मी. मला सर्दी असली तर येणार नाही, आधी कळवेन. वहिनी, डब्याचं विचारायचं होतं. कुंदा आवडतो तुम्हाला, आणू का?

३०४ सुनीता, दु. १२:१५
शोभाताई, गोड सध्या तोंडात फिरतं, कुंदासुद्धा. माझ्यासारख्या बेळगावच्या बाईवर काय वेळ आली बघा, डोळ्यांत पाणी येतं कुंद्याचा डबा बघून. तो डिसेंबरसाठी उधार ठेवा. सध्या गरम वरणभात, नाचणीची ताजी आंबील, आल्याचा तुकडा घातलेलं कढण, एवढं जातं. ताजं शिजवलेलं हवं. कोशिंबीर, बाहेरची कापलेली फळं नकोत. स्टीलच्या चमच्यानं लोखंडाची चव जास्त लागते, म्हणून लाकडी चमचा आणलाय खडेबाजारातून. फरक पडतो.

एक मोठं काम मात्र सगळ्यांकडे मागते. ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं, असं मला बजावलंय. पेशी खाली असताना सकाळपर्यंत थांबायचं नाही, घरच्या घरी गोळी घेऊन ताप दाबायचा नाही. ह्यांना रात्री गाडी चालवायला दिसत नाही. कुणाला हाक मारू?

३०२ मनोज, दु. १२:१७
मला. कधीही. फोन सायलेंट ठेवणार नाही. पलीकडचंच दार आहे, बेलच मारा.

२०३ विनायक, दु. १२:१८
मनोज गावाला असेल तेव्हा मी. दोघं एकदम बाहेर जाणार नाही, आम्ही आपसात बघतो.

१०१ अण्णा, दु. १२:३०
आरतीचं काय करायचं वहिनी? तुमच्याशिवाय सुरू होत नाही आपली आरती.

३०४ सुनीता, दु. १२:४१
अण्णा, चौथी केमो पुढच्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी. बाप्पा बसतील तेव्हा सहावा दिवस, आणि पुढचा आठवडा पेशी तळाला. गर्दीत येणार नाही, हट्ट करणार नाही. आरती तुम्ही सुरू करा, मी जिन्याच्या वळणावरून मास्क लावून टाळ्या वाजवेन. फक्त पहिल्या दिवशी सकाळी, लोक यायच्या आधी, मंडपात मला पाच मिनिटं एकटीला द्या.

१०१ अण्णा, दु. १२:४३
दिली. साडेपाचला मी दार उघडून ठेवतो आणि बाहेर उभा राहतो.

२०२ माई, दु. १:१०
(नात टाइप करते आहे) मंगळवारी चालायला मी येतो. गुडघे दुखतात, पण ती पण हळूच चालते की. आमचं दोघींचं जमतंय बगा.

३०४ सुनीता, दु. ४:०५
माई, मंगळवारी नक्की. खाली खुर्ची ठेवायला सांगते.

वही उघडली. पावती क्र. १: फ्लॅट १०१, अण्णा, ₹१,५०१, ऑनलाइन मिळाले. पावती क्र. २: फ्लॅट २०२, माई, ₹१,००१, रोख, संदीपकडे. बाकी चौदा घरं, पुढच्या रविवारपर्यंत.