वय ३३, कंपनी सोडून बी.एड. करू का?

वाळूजकर_क्यूसी
नमस्कार मंडळी. बीएस्सी केमिस्ट्री झालंय, वाळूज एमआयडीसीत एका फार्मा कंपनीत क्यूसीला (औषधांची गुणवत्ता तपासणी) ११ वर्षं झाली. लॉकडाऊननंतर शेजारची पाच-सहा पोरं विज्ञान विचारायला घरी यायला लागली ती अजून येतात. मागच्या आठवड्यात कागदाला हळद लावून वाळवला, साबणाचं पाणी टाकलं तर लालभडक, सगळे ओरडले, आणि एक पोरगी जी कधी तोंड उघडत नाही ती हळूच म्हणाली काका यावर लिंबू पिळू का. पिळलं तर परत पिवळा. तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं हो. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. मुलगी ४ वर्षांची आहे, बायकोचा पगार १२ हजार. उशीर झालाय का?

झेडपी_गुरुजी
दादा उशीर नाही पण हिशोब करून उतरा. बी.एड. २ वर्षांचं, आधी सीईटी ही प्रवेश परीक्षा. हजेरी ८० टक्के लागते आणि १६ आठवडे शाळेत इंटर्नशिप, त्यामुळे नोकरी सांभाळून होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पहिली ते पाचवीचा विचार सोडा, ऑगस्ट २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तिथे डी.एड.च लागतं. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर २, दीडशेपैकी ९० मार्क (खुल्या गटाला). मग टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी), ती वेगळी परीक्षा, २०० मार्कांची, आणि तिच्या मार्कांवर पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या वेबसाइटवरून, निवड. खरी गोम इथे आहे, टेट २०१७ ला झाली ती पुन्हा थेट २०२३ ला, मग २०२५. खुल्या गटाला वयाची अट ३८. तुम्ही ३५ ला बी.एड. होऊन बाहेर पडाल, म्हणजे हातात फार तर एक-दोन टेट. लागलात तरी पहिली ३ वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पूर्ण पगार नाही, ठरावीक मानधन, सहावी-आठवीला महिना १६ हजार, नववी-दहावीला १८. म्हणजे घर पाच वर्षं कशावर चालणार ते वहिनींसोबत बसून आधी कागदावर मांडा.

आधी_बँकेत_होते
मी ३५ व्या वर्षी बँक सोडली, आता खासगी शाळेत सातवीला गणित शिकवते. पगार निम्म्याहून कमी झाला, पण परत जायचा विचार एकदाही आला नाही. तरी सांगते, घरी सहा मुलं आणि वर्गात ४८ यात जमीनअस्मानाचा फरक आहे. मी फळ्याकडे पूर्ण वळले की मागे गोंधळ सुरू, शेवटी एका जुन्या बाईंनी दाखवलं, फळ्याला खांदा लावून तिरकं उभं राहायचं आणि अर्धा डोळा वर्गावर ठेवून लिहायचं, ते जमायला मला दिवाळी उजाडली. म्हणून राजीनामा देऊ नका आत्ताच, आधी रजा टाका, जवळच्या शाळेत हेडसरांना भेटून आठवडाभर आठवीचे तास मागा. आणि हो, मला एका संस्थेत अनुदानित जागेसाठी लाखांत पैसे मागितले होते. तसं कुणी विचारलं तर तिथूनच उठून या.

वाळूजकर_क्यूसी
गुरुजी, ताई, मनापासून आभार. टेटमधलं एवढं अंतर मला माहीतच नव्हतं. रात्री बायकोसोबत वही घेऊन बसलो, आमच्याकडे दीड वर्षाचा खर्च निघेल एवढं आहे, बाकीचं ट्यूशनवर बघावं लागेल. ८ रजा शिल्लक आहेत, सोमवारी हेडसरांना भेटतो. ताई, आठवीला आम्ल-आम्लारी घेतलं तर चालेल ना? हळदीचे कागद आजच वाळत घालतो, ५० तरी लागतील.