१९६२ ची टाटा-मर्सिडीज ३१२ बस: हीटर गार, रेस वर-खाली, पत्रा फुगलेला

मल्हारगंज
मंडळी, निमाडातल्या गावलाइनीवर धावलेली एका लहान खासगी मालकाची बस इंदुरात शेडमध्ये उभी आहे. सागवानी सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, इंजिन मूळचं ओएम ३१२. सुरू करण्याआधी इंजिन तापवायचा हीटर ओढून धरला तरी डॅशवरची तार लाल होत नाही. धक्क्याने सुरू केली की रेस आपोआप वर-खाली. चाकांवरचा पत्रा फुगलाय, स्क्रूभोवती पांढरी भुकटी. आणि जुन्या गाड्यांना मिळणारा व्हिंटेजचा ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळेल का?

डिझेलपंप
आधी धक्का मारणं बंद करा. या डिझेल पंपाचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनचा वेग आवरणारा भाग, व्हॅक्यूमवर चालतो. त्याचा पडदा फाटला किंवा व्हॅक्यूमची नळी सुटली की स्प्रिंग रॅकला (डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांडीला) फुल डिझेलकडे ढकलते आणि इंजिनचा वेग आवरेनासा होतो. रॅक स्टॉपकडे दाबा, व्हॅक्यूमचं तोंड बोटाने घट्ट बंद करा, रॅक सोडा. जागीच रेंगाळला तर पडदा शाबूत, झटक्यात परतला तर गेला. चामडी पडदा रॉकेलने धुऊ नका, कडक होतो. पडदा ठीक निघाला तर नळीच्या चिरा बघा आणि फिल्टरपासून हवा काढा.

हीटरचं सोपं आहे. सहाही ग्लो प्लग (सिलिंडर तापवणारे) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले आहेत, एक उडाला की सगळे गार. हीटर चालू ठेवून इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकेका प्लगची दोन टोकं जोडत जा; ज्याला तार लाल होईल तो मेलेला. पातं हेडला टेकू देऊ नका. दुकानदार १२ व्होल्टचा पेन्सिल प्लग गळ्यात मारेल, घेऊ नका: एकच बसवला तरी तो बाकी पाचांचा करंट अडवतो.

सागवान
पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. लोखंडी स्क्रू आणि ओलं लाकूड एकत्र आलं की पत्रा खाल्ला जातोच. एका बाजूचे सगळे पत्रे एकदम उतरवू नका. सांगाड्याला ताठपणा पत्र्यानेच येतो. आधी आतून तिरके टेकू मारा. मग टोच्या खुपसून बघा. मऊ भाग तेवढाच कापून तिरकस सांधा द्या, लांबी जाडीच्या निदान सहापट. पत्र्याला आतून झिंक क्रोमेट प्रायमर, स्क्रू स्टेनलेसचे, खाली नायलॉन वॉशर. रंगाची घाई मात्र सगळेच करतात!

कागदपत्र
व्हीए मालिका विसरा. २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरच्या दुचाकी आणि एम१, म्हणजे चालक सोडून जास्तीत जास्त ८ आसनांच्या गाड्याच येतात. बस त्यात बसत नाही. जुनं आरसी सांभाळा, आणि चेसिसवर वेल्डिंग करण्याआधी नंबरचा पेन्सिल ठसा घेऊन ठेवा.

मल्हारगंज
आभार. तिसऱ्या प्लगवर तार लाल झाली. आता चाकं उतरवतो.

डिझेलपंप
लॉक-रिंगचे, म्हणजे टायर वेगळ्या कड्याने धरणारे रिम आहेत. वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाईपर्यंत नटाला पाना लावू नका. परत हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच.