वॉलेसच्या पत्राला न्याय मिळाला का?

रानवाटा:
माझ्या मते नाही. फेब्रुवारी १८५८ मध्ये निसर्गसंशोधक वॉलेसने आजच्या इंडोनेशियातल्या तेर्नाते बेटावर नैसर्गिक निवडीवरचा (परिस्थितीला जुळणारे जीव टिकतात आणि त्यातून जाती बदलत जातात, या कल्पनेवरचा) निबंध लिहिला आणि विश्वासाने डार्विनला पाठवला. योग्य वाटला तर भूगर्भशास्त्रज्ञ लायलना दाखवा, एवढीच विनंती. लायल आणि डार्विनचा वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकर यांनी १ जुलैला तो लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्राच्या संस्थेत वाचायला लावला, तोही डार्विनच्या उताऱ्यांनंतर. वॉलेस तेव्हा न्यू गिनीत होता, त्याला कोणी विचारलंही नाही. आणि ज्या डार्विनची १५,००० च्या आसपास पत्रं माहीत आहेत, त्याच्याकडून नेमकं हेच पत्र हरवावं?

खडूफळा:
हा संशय अन्यायाचा आहे. डार्विन आलेली पत्रं सळईत टोचून ठेवायचा. सळया संपल्या की जुनी पत्रं जाळून त्या मोकळ्या करायचा. मुलानेच लिहून ठेवलंय, की १८६२ च्या आधीची बहुतेक पत्रं अशीच गेली. एकट्या वॉलेसचं नाही.
कल्पना कोणाची आधी, याचाही पुरावा आहे. डार्विनचा १८४४ चा हस्तलिखित निबंध हूकरने वाचला होता, सप्टेंबर १८५७ मध्ये त्याने अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रेला कल्पनेचा आराखडा पाठवला होता. जूनच्या त्या आठवड्यात डार्विनचं तान्हं मूल स्कार्लेट तापाने गेलं. तशातही तो लायलना कळवतो, की क्षुद्रपणाने वागलो असं कोणाला वाटण्यापेक्षा मी या विषयावरचं माझं पुस्तक जाळून टाकेन.

रानवाटा:
कल्पना आधी सुचली, हे मी नाकारतच नाही. माझा मुद्दा संमतीचा आहे. वॉलेसने निबंध थेट एखाद्या मासिकाला धाडला असता, तर आधी छापून तोच आला असता. पक्षी आणि भुंगेरे विकून पोट भरणाऱ्या माणसाचा हा एकुलता हुकमी एक्का होता. आणि वॉलेसच्या आधीच्या, बोर्निओतल्या सारावाकमध्ये लिहिलेल्या लेखाकडे लक्ष द्या, असं कलकत्त्याहून प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथने डार्विनला डिसेंबर १८५५ मध्येच सुचवलं होतं.

नदीकाठ:
खुद्द वॉलेसची तक्रार कुठे आहे? त्याने हूकरचे आभार मानले, १८८९ मध्ये स्वतःच्या पुस्तकाला 'डार्विनिझम' नाव दिलं. त्याला वर्षाला २०० पौंड सरकारी पेन्शन मिळावी म्हणून १८८१ मध्ये खटपट डार्विननेच केली.

रानवाटा:
पेन्शनबद्दल डार्विनचा आदर वाटतो. पण वॉलेसचे आभार सगळं उरकल्यावरचे आहेत. निबंध वाचला गेल्याचं त्याला काही महिन्यांनी पत्राने कळलं. तेव्हा 'नको' म्हणायला उरलं काय होतं?