मनात आलं की ऑर्डर: ही सवय मोडायची कशी?

टाचणी

मंडळी, आधी काय नाही ते सांगते, म्हणजे उत्तरं भलतीकडे जाणार नाहीत. मला कपड्या-चपलांचा सोस नाही. ऑफर लागली म्हणून मी रात्री जागत बसत नाही. खर्च दर महिन्याला लिहून ठेवते आणि तो हाताबाहेर गेलेला नाही. माझं दुखणं निराळं आहे. मला सोयीची चटक लागली आहे.

भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं की ते खाली काढून एका हातात धरलेलं असतानाच दुसऱ्या हाताने सेल मागवून मोकळी. परवा गोंद आला. अंगठ्याएवढी ट्यूब, आणि खोकं असं की आत जोडा मावावा. उरलेल्या जागेत चुरगळलेला खाकी कागद कोंबलेला. तो सरळ करून पसरला तर अख्खं टेबल झाकलं गेलं. दुसऱ्या दिवशी तसल्याच खोक्यातून कात्री, मग दोऱ्याचं रीळ. तिन्ही वस्तू एकाच खोक्यात आल्या असत्या, पण त्या माझ्या मनात वेगवेगळ्या वेळी आल्या ना!

विचार केल्यावर लक्षात आलं की यात वस्तूची हाव फारशी नाहीच. विसरून जाईन ही धास्ती आहे. ऑर्डर टाकली की ती गोष्ट डोक्यातून उतरते आणि मी पुढच्या कामाला लागते.

अ‍ॅप काढून टाकून झालं. ब्राउझरमधून तेच दुकान उघडतं आणि मला नावानिशी ओळखतं. साठवलेलं कार्ड पुसलं, पण कार्डाचे सोळा आकडे मला तोंडपाठ आहेत, मागचे तीनसुद्धा. 'मनाचा निग्रह करा' सोडून काहीही सुचवा.

सरळसोट

उठा, चपला घाला, दुकानात जा. एवढ्याशा गोष्टीवर काय काथ्याकूट?

दोन_जिने

सरळसोट, तुम्हाला ते एवढंसं वाटतंय. माझ्याकडे अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. मी अर्धा तास बाहेर जायचं म्हटलं तरी कुणाला तरी बसवून जावं लागतं. माझ्यासाठी घरपोच येणारी वस्तू हा आळस नाही. आणि दुकानात गेल्यावर माणूस नेमकं हवं तेवढंच घेऊन येतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

टाचणीताई, खरेदी ऑनलाइन होते यावर राग धरू नका. ती मनात येताक्षणी होते, तेवढंच सोडवा. मी आठवड्यातला एक वार ठरवून टाकला आहे. औषधं सोडून बाकी सगळं त्या दिवशीच. गंमत अशी की तो वार येईपर्यंत यादीतल्या कितीतरी गोष्टी घरातच सापडतात. टेपची दोन भेंडोळी तर ज्या खणात शोधली होती त्याच खणात निघाली.

उंबरठा

मी काही वर्षं खरेदीच्या अ‍ॅपांची पैसे भरायची पानं बनवली आहेत, तेव्हा काउंटरच्या पलीकडून सांगतो.

आमच्या कामाचा गाभा एकच होता, गळती थांबवणे. वस्तू निवडल्यावर पैसे भरेपर्यंतच्या प्रत्येक पायरीवर काही गिऱ्हाइकं निघून जातात. पत्ता भरायचा कंटाळा, पासवर्ड आठवत नाही, कार्ड दुसऱ्या खोलीत आहे, कारण काहीही असो. कोणत्या पायरीवर किती गळले हे आम्ही रोज बघायचो आणि ती पायरीच उडवायच्या मागे लागायचो.

एका पायरीची किंमत केवढी असते बघा. अ‍ॅमेझॉनला सप्टेंबर १९९९ मध्ये एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीचं अमेरिकन पेटंट मिळालं. लगोलग त्यांनी बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्यावर दावा लावला आणि डिसेंबरात कोर्टाने त्यांना तशी खरेदी चालू ठेवायला तात्पुरती मनाई केली. मग बार्न्स अँड नोबलने आपल्या साइटवर मुद्दाम एक जादा क्लिक घातला! ती मनाई २००१ मध्ये वरच्या कोर्टात उठली, पण मधल्या काळात, २००० साली, अ‍ॅपलने पैसे मोजून तेच पेटंट वापरायचा परवाना घेतला होता. पेटंटची मुदत २०१७ मध्ये संपली. एका क्लिकवरून एवढं रामायण झालं, ते कुणी हौसेने केलेलं नाही.

तुम्हाला फक्त आमचं काम उलटं करायचंय, उडवलेल्या पायऱ्या परत बांधायच्या. प्रत्येक वेळी लॉगआउट करा. कार्डाबरोबर साठवलेला पत्ताही पुसा, कारण पिनकोडसकट पत्ता टाइप करताना माणूस हमखास कंटाळतो. ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवू देऊ नका. नवा ठेवा, लांबलचक आणि अर्थहीन, आणि कागदावर लिहून कपाटात टाका. पुढे कधी कार्ड बदललं तर एक विनंती, नवा नंबर पाठ करू नका.

आता तुमचा खरा मुद्दा, विसरण्याचा. यादी हवीच, पण ती दुकानाच्या बाहेर हवी. 'नंतरसाठी ठेवा' किंवा कार्ट म्हणजे यादी नव्हे. तिथे ठेवलेल्या वस्तूची तुम्हाला आठवण करून दिली जाते, किंमत उतरल्याचं कळवलं जातं, 'शेवटचे दोनच शिल्लक' असं लाल अक्षरांत दाखवलं जातं. कागदावरची यादी तुम्हाला रात्री दहाला नोटिफिकेशन पाठवत नाही.

शिस्तप्रिय

एकवीस दिवस कळ काढा. एकवीस दिवसांत कोणतीही सवय सुटते.

उंबरठा

शिस्तप्रिय, हे एकवीसचं गणित सगळीकडे ऐकू येतं, पण त्यात दम नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, तो २०१० मध्ये छापून आला. रोजची एखादी नवी गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत होता. तेही सवय लावायचं गणित, मोडायचं नव्हे. त्यातली कामाची गोष्ट अशी की एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नव्हतं.

टाचणी

उंबरठा, कार्टबद्दल बोललात ते नेमकं बसलं. मी कार्टलाच यादी समजत होते.

फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक कागद लावला आहे आणि शेजारी दोरीने पेन्सिल बांधली आहे. पेन्सिल बांधलेली असणं महत्त्वाचं. सुटी असती तर ती शोधताना मी फोन उचलला असता. लिहून झालं की डोक्याला तीच मोकळीक मिळते जी ऑर्डर टाकल्यावर मिळायची. याची मला अपेक्षा नव्हती. एकाखाली एक गोष्टी वाचल्या की त्यातल्या काही इतक्या बिनगरजेच्या वाटतात की आपलंच अक्षर आहे ना बघावं लागतं.

दोन_जिने, तुमची कल्पना उचलली आहे, माझा वार शुक्रवार. एक अडचण मात्र राहतेच. मी वर्षाची वर्गणी भरलेली आहे, घरपोच फुकट. एकेक वस्तू मागवायला काही पडतच नाही, मग मन म्हणतं, शुक्रवारपर्यंत कशाला थांबायचं?

दोन_जिने

वर्गणी आधी बंद करा. पैसे आधीच भरलेत म्हटल्यावर आपण ते वसूल करायला बघतो आणि त्या नादात आणखी खरेदी होते. प्रत्येक पार्सलमागे आकार द्यावा लागला की तुम्ही आपोआप पाच वस्तू साठवून मागवाल. फक्त 'अमुक रकमेच्या वर फुकट' या पाटीला भुलून सहावी घालू नका.

उंबरठा

सहमत. मात्र बंद करायला निवांत वेळ काढून बसा. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जून २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनवर प्राइमच्या वर्गणीवरून खटला भरला. वर्गणी रद्द करायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय पार करावे लागत, आणि त्या वाटेला कंपनीतच होमरच्या महाकाव्यावरून 'इलियड' म्हणत, असं आयोगाच्या तक्रारीत होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ते प्रकरण अडीच अब्ज डॉलरांवर मिटलं. कंपनी कोणतीही असो, आत शिरायचं दार मोठं आणि बाहेर पडायचं बारीक, हे या धंद्यात सर्रास चालतं.

सरळसोट

मी अजूनही म्हणतो, चपला घाला. पण दोरीने बांधलेली पेन्सिल आवडली.

टाचणी

केली बंद. माझ्याकडेही तसलंच निघालं. 'सोय सोडायची नाही' हे बटण रंगीत आणि रुंद, 'पुढे जा' हे फिकट करड्या अक्षरांत. मुदत संपेपर्यंत फुकट घरपोच चालूच राहणार आहे, तोवर कागदाच्या भरवशावर.

फोनवर एक अडलंय. पासवर्ड पुसला तरी ब्राउझर पत्ता आणि कार्ड आपणहून भरतोय. ते कुठून बंद करायचं?

उंबरठा

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये पैसे भरायच्या पद्धती आणि पत्ते असे दोन वेगळे भाग असतात. दोन्हीकडचं ऑटोफिल वेगवेगळं बंद करा, आणि आधी साठवलेल्या नोंदी हाताने पुसा. नुसतं बंद केल्याने त्या जात नाहीत.