कानाचा डॉक्टर नेमका कोण?

पीएचडी किंवा अमेरिकेतली एयूडी (ऑडिओलॉजीतली डॉक्टरेट) केलेल्या ऑडिओलॉजिस्टनं, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या श्रवणतज्ज्ञानं, नावाआधी 'डॉ.' लावलं तर बिघडलं काय, असं काही जण विचारतात. पदवी कष्टाची आहे, मान द्यायलाच हवा. पण आमच्या दारव्हा-दिग्रसकडे 'डॉक्टर' म्हणजे औषध लिहून देणारा माणूस, दुसरा अर्थच नाही.

माझ्या मामीला एका सकाळी उजव्या कानानं ऐकू येईना. पाटीवर 'डॉ.' पाहून मामा तिला श्रवणयंत्रवाल्याकडे घेऊन गेला. हेडफोन लावून तपासणी झाली, लाल गोलांचा आलेख हाती आला, आणि महिनाभरानं मशीन लावू म्हणून सांगितलं. घरी आल्यावर मामी म्हणे, "डाक्टरले दाखवलं नं, आता काहून चिंता करता?" अचानक आलेल्या अशा बहिरेपणात स्टेरॉइड लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या 2 आठवड्यांत, सुरू व्हावं लागतं. यवतमाळला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पोचेपर्यंत दीड महिना उलटला होता. तो कान गेला तो गेलाच.

म्हणून पाटीवर 'श्रवणतज्ज्ञ' हा शब्द नावाइतकाच मोठा हवा, आणि पेशंटला तोंडानं सांगायला हवं की मी ऐकणं तपासतो, औषध देत नाही. माझ्या भाचीचं बहिरेपण चौथ्या महिन्यात ओळखलं ते बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-भाषेतली बॅचलर पदवी) झालेल्या एका ऑडिओलॉजिस्टनंच. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो.