सॉनिक फ्रंटियर्स: भाचा बेटावर हरवलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, देवगडहून लिहितोय. सुट्टीला आलेला भाचा आंब्याच्या पेट्या भरायचं सोडून सॉनिकचे व्हिडिओ गेम घेऊन बसलाय. १९९१चा पहिला सॉनिक त्याने पटकन संपवला. तो म्हणजे आमची पायऱ्यांची पाखाडी, वाट एकच, सुटायचं नुसतं. २०२२चा फ्रंटियर्स म्हणजे थेट कातळाचा मोकळा सडा, कुठेही जा! पहिल्याच क्रोनोस बेटावर पोरगं बावचळलं. हवेतले रूळ लांबून दिसतच नाहीत, जवळ गेल्यावर टपकन उगवतात. काल स्प्रिंगवरून उडाला, गेममधला कॅमेरा अचानक बाजूने लागला, कंट्रोलरची स्टिक जरा तिरकी झाली आणि गेला खाली. चार वेळा! (मीही पडलो, त्याला सांगितलं नाही.)

सुरुवातीला खेळायची पद्धत विचारतात, तिथे ‘हाय स्पीड’ निवडलंय. ‘ॲक्शन’ बरं पडेल का? सेटिंगमध्ये वेग आणि वळणाचे आकडे तुम्ही किती ठेवलेत?

की आधी मारिओचा २०२१चा बाऊझर्स फ्युरी द्यावा? शेजाऱ्यांकडे तो चालणारा निन्टेंडोचा स्विच कन्सोल आहे. तिथेही सगळं मोकळं, पण तळ्यातलं एकेक बेट म्हणजे जुन्यासारखी छोटी लेव्हलच. मला तीच युक्ती जास्त शहाणपणाची वाटते. दहा वर्षांच्या पोराला कुठला झेपेल? रविवारी तो परत जातोय, जरा लवकर सांगा.