उद्या सकाळी पार्किंगमध्ये गाडी जॅकवर असेल, मुलांना लांब ठेवा

सोसायटीचा ग्रुप, शनिवार, दुपार

बी-३०४: नमस्कार मंडळी. उद्या सकाळी ७ पासून साधारण ११ पर्यंत माझी गाडी आमच्याच जागेवर जॅकवर उचललेली असेल. पुढचं डावं चाक काढून दोन स्टड बदलायचे आहेत. तेवढा वेळ मुलांना त्या बाजूला क्रिकेट खेळू देऊ नका, मनापासून विनंती. बॉल गाडीखाली गेलाच तर कोणी वाकून काढायचा नाही. मला हाक मारा, मी काढून देईन.

सचिव: हरकत नाही. फक्त फरशीवर ऑइल-ग्रीस सांडू देऊ नका, डाग निघत नाहीत.

बी-३०४: पुठ्ठा आणि वर जुनी गोणी अंथरतो.

सी-५०१: दादा, स्टड म्हणजे काय? नट तेवढा माहीत आहे.

बी-३०४: वहिनी, चाक काढलं की आत हबमधून, म्हणजे ज्या फिरत्या गोल भागावर चाक बसतं त्यातून, आट्यांचे जे चार-पाच जाड दांडे बाहेर आलेले दिसतात, ते स्टड. नट त्यांच्यावर बसतो. मागून दाबून बसवलेले असतात, वेल्डिंग वगैरे काही नसतं, म्हणूनच बदलता येतात. काही युरोपियन गाड्यांना, म्हणजे फोक्सवॅगन, स्कोडा वगैरे, स्टड नसतात. त्यांना सरळ बोल्टच असतो.

माझं काय झालं ते सांगतो, कारण हे कोणाच्याही गाडीला होऊ शकतं. दहा दिवसांपूर्वी एका टायरच्या दुकानात चाकं अदलाबदल करून घेतली. पोऱ्याने नट हाताने न चढवता थेट गनला, म्हणजे नट आवळायच्या मशीनला, लावून चढवले. मी समोर उभा होतो आणि बोललो नाही, याचं आता फार वाईट वाटतंय. बुधवारी इथंच पंक्चर काढायला चाक खोलत होतो. दोन नट सरळ निघाले. तिसरा किंचाळत, अडत, अर्धा-अर्धा आटा फिरत निघाला, आणि त्याच्यासोबत पोलादाची बारीक तार बाहेर आली, पेनातल्या स्प्रिंगसारखी वेटोळी. ती तार म्हणजे स्टडचे आटेच. चौथा नट निघालाच नाही, स्टडच मोडला. चारातले दोन गेले. तेव्हापासून गाडी जागेवरून हललेली नाही.

बी-२०६: मग गॅरेजला का नाही देत? चार पैसे जातील, पण डोक्याला ताप नाही.

बी-३०४: दोन स्टडवर गाडी रस्त्यावर काढणार नाही, म्हणजे टो करून न्यावी लागणार. फोनवर एकाने विचारपूस न करताच पूर्ण हब आणि बेअरिंग बदलावं लागेल म्हणून सांगितलं. खरंच लागत असेल तर बदलेन, पण आधी स्वतः उघडून बघायचंय.

ए-१०२ काका: वाचलं. मी ३१ वर्षं पिंपरीच्या कारखान्यात अ‍ॅक्सल विभागात काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

पहिली गोष्ट. चाकाचं वजन स्टड पेलतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, एखाद्या कडक स्प्रिंगसारखा. तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो आणि खरं काम त्या दोन चपट्या पृष्ठभागांमधलं घर्षण करतं. नट ढिला असेल तर दाब नाही, चाक सूक्ष्म हलतं, स्टड मागे-पुढे वाकत राहतो आणि थकून तुटतो. नट जास्त आवळला तर स्टड त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला जातो, परत आखडत नाही, दाब तसाच जातो. दोन्हीकडून मरण स्टडचंच.

दुसरी गोष्ट, आकडे. १०० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला १० किलो टांगल्याइतका जोर. गाडीतला पाना पाव मीटरचा असेल तर टोकाला ४० किलो. बहुतेक लहान गाड्यांना ८५ ते ११० च्या मधलाच आकडा लागतो, आपापल्या गाडीच्या पुस्तकात बघा. आता त्याच पान्यावर ७० किलोचा माणूस उभा राहून उड्या मारतो तेव्हा काय होत असेल ते तुम्हीच बघा.

सी-५०१: काका, आमच्याकडे पान्यावर उभं राहूनच आवळतात.

ए-१०२ काका: सोडवताना पाय दिला तर एकवेळ चालेल. आवळताना कधीही नाही.

सी-५०१: आणि आमच्या मागच्या उजव्या चाकाला महिनाभरापासून तीनच नट आहेत. चौथ्याचे आटे गेलेत. टायरवाला म्हणाला तीनवर आरामात चालते. मी रोज हिंजवडीला जाते त्याच गाडीने.

बी-३०४: वहिनी, उद्यापासून ती गाडी काढू नका. आज तीनवर चालतेय ही गोष्ट खरी आहे, पण चौथ्याच्या वाटणीचा ताण उरलेल्या तीनवर पडतोय, आणि त्यातला एक कधी थकेल ते बाहेरून कळत नाही. नवले पुलाच्या उतारावर ट्रकांच्या मध्ये चाक हलायला लागलं तर तुमच्या हातात काही राहणार नाही. सोमवारी मी सोडतो हवं तर, मला वाकडलाच जायचंय.

ए-१०२ काका: याला माझाही जोरदार पाठिंबा. आणि मागचं चाक आहे, ब्रेकचा ड्रम असणार. काही गाड्यांत ड्रम नुसता ओढला की निघतो, काही गाड्यांत बेअरिंग ड्रमच्या आतच असतं आणि मधला मोठा नट खोलावा लागतो, तो पुन्हा ठरावीक जोराने आवळावा लागतो. तुझी दुसऱ्या जातीची निघाली तर पार्किंगमध्ये हात लावायचा नाही, गॅरेजच. सायंकाळी टॉर्च घेऊन बघतो.

बी-३०४: काका, मी आज नाना पेठेत जाऊन स्टड आणले. मोडका तुकडा आणि चांगला नट दोन्ही नेले होते. दुकानदाराने नुसतं गाडीचं नाव विचारलं नाही, व्हर्निअर लावून मापलं, बरं वाटलं. ८० रुपयांना एक.

ए-१०२ काका: शाबास. नुसती जाडी आणि लांबी जुळून भागत नाही. मारुतीचे १२ मिलिमीटर जाडीचे आणि सव्वाचे आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर सव्वा मिलिमीटर, होंडा-टोयोटा-ह्युंदाईचे १२ चेच पण दीडचे. दिसायला सारखे. दीडच्या स्टडवर सव्वाचा नट दोन फेरे जातो आणि मग अडतो. तिथं गन लावली की जे तुझ्याकडे झालं तेच होतं. मुंडक्याखाली जे उभे दाते असतात, त्यांचाही व्यास जुळला पाहिजे. कमी असेल तर स्टड हबमध्ये गरागरा फिरतो, मग नट ना निघतो ना बसतो. नटही नवे घेतलेस ना?

बी-३०४: चारही.

बी-२०६: दादा, मी येऊ का मदतीला? बघायचंय.

बी-३०४: ये की. पूर्ण बूट घालून ये, चपला नकोत.

रविवार, सकाळ

बी-३०४: सुरुवात केली. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून विटा. उरलेले दोन नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल केले. मग जॅक, मग खाली स्टँड. गाडीसोबत मिळतो तो कात्री जॅक फक्त चाक बदलण्यापुरता, त्याच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. काढलेलं चाकही आडवं करून गाडीच्या दाराच्या उंबऱ्याखाली सरकवलंय, म्हणजे काही झालंच तर गाडी चाकावर बसेल.

बी-२०६: कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग, काढला. दोन बोल्ट होते. दादांनी तो जाड तारेने स्प्रिंगला बांधून वर लटकवला. ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही म्हणे.

ए-१०२ काका: बरोबर. आणि आता आत बसून कोणीही ब्रेक दाबायचा नाही. पिस्टन बाहेर येईल.

बी-३०४: डिस्क गंजाने चिकटली होती. तिच्या तोंडावर आट्यांची दोन छोटी भोकं होती, त्यात ८ चे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले आणि डिस्क स्वतःहून सुटून आली. हातोडा लागला नाही.

मग सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बघितली, जिच्यावर पूर्ण काम अवलंबून होतं. स्टड मागच्या बाजूने बाहेर पडायला जागा आहे की नाही? मागे पत्र्याचं कव्हर आणि नकल (हबला धरून ठेवणारा जाड भाग) आडवे येतात. गिअर काढून हब हाताने हळूहळू फिरवत गेलो, आणि कॅलिपर जिथे होता तिथे पत्रा कापलेला आहे, बरोबर तेवढीच फट! मुंडकं तिरकं करून जेमतेम जातं. म्हणजे हब काढायचं काम नाही. फार आनंद झाला.

ए-१०२ काका: खूप गाड्यांना ही फट नसते, मग हब दाबून काढावा लागतो आणि बेअरिंगही बहुधा नवं घालावं लागतं. फोनवर सांगणारा अगदीच चुकीचा नव्हता, न बघता सांगितलं एवढंच. आता थांब, हातोडा मारू नकोस. मी खाली येतोय, माझा पुलर, म्हणजे दाबून सुटं करायचं हत्यार, घेऊन.

बी-३०४: या काका, थांबलोय.

(पाऊण तासाने)

बी-३०४: काकांनी हातोडा का थांबवला ते इथं लिहून ठेवतो. ज्या हबवर आपण घाव घालणार, त्याच्याच आत बेअरिंग आहे. प्रत्येक घाव गोळ्यांवरून त्यांच्या चकचकीत वाटेवर उमटतो, बारीक खड्डे पडतात. आज कळत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी गाडी ६० च्या पुढे घूंऽऽ असा आवाज करायला लागते. काकांचा पुलर मुळात बॉल जॉइंट (चाकाजवळचा फिरता सांधा) काढण्यासाठीचा आहे, कात्रीसारखा. एक जबडा हबच्या मागे, दुसरा स्टडच्या टोकावर, आणि मधला बोल्ट आवळत गेलो. काहीच होत नाही असं वाटत असतानाच ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि स्टड माझ्या तळहातावर पडला. मोडकाही तसाच निघाला.

बी-२०६: नवा बसवायची पद्धत मला सगळ्यात आवडली. मागून स्टड घातला, दाते जुन्या खाचांत जुळवले, पुढून जाड वायसरांची चळत. वायसरांच्या मध्ये थोडं ग्रीस लावलं. मग जुना चांगला नट उलटा, म्हणजे चपटी बाजू आत. नट आवळला की स्टड पुढे ओढला जातो.

ए-१०२ काका: हाताने, लांब पान्याने, सावकाश. गन नाही. आणि ग्रीस फक्त वायसरांवर, स्टडच्या आट्यांवर नाही. पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांचा असतो. आटे ओले असले की घर्षण कमी होतं, तेवढ्याच जोरात स्टड किती तरी जास्त ताणला जातो.

बी-३०४: मुंडकं बसलं हे हातालाच कळतं. आधी पाना मऊसर, एकसारखा फिरतो. मग एकदम भिंतीला टेकल्यासारखा जड होतो. तरी नुसत्या हातावर विश्वास ठेवला नाही. मागे मोबाईल घालून फोटो काढला, मुंडकं आणि हब यांच्यात केसाचीही फट नाही. ओढायला वापरलेला नट फेकून दिला, तो आता चाकाला लावायचा नाही.

सी-५०१: एवढं सगळं एका खिळ्यासाठी! काका, माझी गाडी बघितलीत का काल?

ए-१०२ काका: बघितली. ड्रमच्या मधोमध टोपी आहे, तिच्या आत मोठा नट. म्हणजे बेअरिंगवाला ड्रम. उद्या गॅरेजला टो करून पाठव. त्यांना सांग की ड्रम काढून स्टड प्रेसवर बसवा, गाडीवरच ठोकू नका. मधला नट नवा टाका म्हणून सांग. आणि बसवलेला ड्रम हाताने फिरवून दाखवायला सांग.

सी-५०१: हो काका. दादा, मग सोमवारी मला सोडाल ना?

बी-३०४: नक्की. साडेआठला गेटपाशी.

चाक चढवलं. हबचा आणि चाकाचा चेहरा तारेच्या ब्रशने गंज जाईपर्यंत घासला होता, नाहीतर गंज नंतर दबतो आणि नट ढिले होतात. चारही नट आधी बोटांनी, शेवटपर्यंत. बोटाने जात नसेल तर तिथंच थांबायचं, काढून पुन्हा. मग समोरासमोरचे. गाडी खाली उतरवून टॉर्क पान्याने (ठरवलेला जोर आला की ‘टिक’ वाजतो तो) ८५ वर, आमच्या पुस्तकात तेवढाच आहे. कॅलिपरचे बोल्टही त्यांच्या आकड्यावर. सुरू करण्याआधी ब्रेक दहा-बारा वेळा दाबला. पहिल्या दोन वेळा पाय थेट खाली गेला, मग कडक झाला. हे विसरून गाडी काढली असती तर समोर कंपाउंडची भिंत होती.

सचिव: फरशी बघून आलो, स्वच्छ आहे. आभार. टॉर्क पाना तुमचा स्वतःचा?

बी-३०४: काकांचा. उद्या मी बोहरी आळीतून एक आणतो. सोसायटीत ठेवू, ज्याला लागेल त्याने न्यावा. नट सोडवायला मात्र तो वापरायचा नाही, आणि काम झालं की आकडा खाली आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग बिघडते.

बी-२०६: मी अर्धे पैसे देतो.

ए-४०३: माझेही घ्या. मागच्या आठवड्यातच नवे टायर टाकलेत, नट तपासायचेत.

मंगळवार, रात्र

बी-३०४: सायंकाळी दिवे घाटातून सासवडला जाऊन आलो. येता-जाता मिळून साधारण ६० किलोमीटर. घरी येऊन गार झाल्यावर पाना पुन्हा लावला. तीन नट जागचे हलले नाहीत. नव्या स्टडपैकी एकावर पाव फेऱ्याहूनही कमी, एवढासा फिरला आणि मग पाना ‘टिक’ वाजला. काका, हे ठीक ना?

ए-१०२ काका: ठीक. स्टड थोडा आत बसला. अजून १०० किलोमीटरने एकदा बघ. तेव्हाही फिरला तर मला हाक मार, मग चाक पुन्हा काढू.

सी-५०१: माझी गाडी आली संध्याकाळी. त्यांनी जुना स्टड पिशवीत घालून दिला. आट्यांच्या मुळाशी एक बारीक काळी रेघ आहे, नखाला लागते.

ए-१०२ काका: ती तडा आहे. उरलेले तीन त्यांनी बघितले का?

सी-५०१: नाही विचारलं.

ए-१०२ काका: उद्या सकाळी ७ ला गाडी खालीच ठेव, कुठे नेऊ नकोस. मी येतो.

बी-३०४: मीही येतो, पाना घेऊन.